खिशातले तीन फ्यूज

आमच्या हायस्कूलमध्ये दोन घंटा होत्या. एक पितळेची, शिपाई वाजवायचा ती. दुसरी सरांच्या पँटच्या उजव्या खिशात. चिनी मातीचे पांढरे तीन जादा फ्यूज त्या खिशात कायम असायचे आणि सर चालू लागले की ते एकमेकांवर आपटायचे. व्हरांड्यातून तो कटकट आवाज आला की आम्ही दप्तरं बाकाखाली सारून, पायातल्या चपला तपासून उभे राहायचो. अनवाणी पोराला सर खोलीत घेत नसत. त्यांच्या स्वतःच्या पायात बारा महिने रबरी चप्पल, मग शाळेत झेंडावंदन असो नाहीतर कुणाचं लग्न.

बाकीच्या शिक्षकांच्या शर्टच्या खिशात पेन असायचं, सरांच्या खिशात टेस्टर. मस्टरवर सही करायची वेळ आली की ते शेजारच्याचं पेन मागून घ्यायचे आणि परत देताना त्याला खालच्या बाजूने तांब्याच्या तारेचे चार वेढे मारून द्यायचे. हातातून निसटू नये म्हणून. दोन वर्षांत आमच्या शाळेतल्या यच्चयावत शिक्षकांच्या पेनांना तांब्याची कडी झाली. मुख्याध्यापकांनी नवं पेन आणलं तर तेही दुपारपर्यंत कडी घालून परत आलं.

सर तसे शिक्षक नव्हतेच. नंदुरबारला बसस्टँडच्या मागे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार भरायच्या दुकानात त्यांचा जन्म गेला होता. नववी-दहावीला एका भाषेच्या बदल्यात ‘व्यवसाय शिक्षण’ घ्यायची सोय आमच्या शाळेत आली, तेव्हा वायरिंगचं शिकवायला त्यांना करारावर घेतलं. दुसरा विषय होता ब्युटी पार्लरचा. मुलांनी वायरिंग घ्यायचं आणि मुलींनी पार्लर, असं कुणी कुठे लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. पुस्तकात घरातलं वायरिंग होतं, बोर्ड होता, ट्यूबलाइट होती. सर ते महिन्याभरात उरकायचे आणि मग म्हणायचे, ‘‘आपलाकडे काय जळस? मोटर जळस. मंग मोटर शिका.’’ मुख्याध्यापकांशी ते जेमतेम शाळेच्या मराठीत बोलत. आमच्याशी आणि मोटरशी अहिराणीत.

मी तिथे गेले ती पंख्यासाठी. खोटं कशाला बोलू! सरांची खोली म्हणजे शाळेमागचं जुनं कोठार, पूर्वी तिथे खिचडीचा तांदूळ ठेवायचे. पण सगळ्या शाळेत धड फिरणारा पंखा तेवढाच होता. आमच्या भागातलं ऊन ज्याने खाल्लंय त्याला माझा निर्णय चुकीचा वाटणार नाही. पार्लरच्या खोलीत मुली एकमेकींच्या भुवया कोरताना घामाने निथळत होत्या. मी अर्ज बदलला आणि कोठाराच्या दारात जाऊन उभी राहिले.

सरांनी मला वरून खाली पाहिलं.

‘‘खिसा कोठे शे तुन्हा?’’

‘‘सर, कुर्त्याले खिसा नही ऱ्हास.’’

‘‘मंग फ्यूज कोठे ठेवशी? खिसा लई ये.’’

आणि त्यांनी पाठ फिरवली. मला इतका राग आला की काय सांगू. मुलगी नको तर सरळ सांगा ना, हे खिशाचं सोंग कशाला, असं मी पाणी पिण्याच्या टाकीपाशी उभी राहून मैत्रिणींना तावातावाने सांगितलं. घरी येऊन मायपुढेही तेच रडगाणं गायलं. मायने ऐकून घेतलं आणि ट्रंकेतून आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक जुनी खाकी पँट काढली. गुडघ्यावर विरलेली होती. तिचा उजवा खिसा मायने अख्खा कापून घेतला आणि माझ्या निळ्या कुर्त्याला शिवून टाकला. आप्पांना सांगितलं नाही, कारण ती पँट अजून दोन वर्षं चालेल असं त्यांचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी निळ्या कुर्त्यावर खाकी खिसा लावून मी शाळेत गेले. पोरी हसल्या, हसणारच होत्या. सर हसले नाहीत. त्यांनी आपल्या खिशातले तिन्ही फ्यूज काढून माझ्या हातावर ठेवले.

‘‘टाक खिसामा. आते वाक. आखो वाक.’’

मी जमिनीला हात लागेपर्यंत वाकले. फ्यूज पडले नाहीत.

‘‘चालस,’’ सर म्हणाले. पुढे मला कळलं की याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती.

खिशाचा नियम साधा होता. ज्याचे हात मशीनमध्ये, फ्यूज त्याच्या खिशात. दुसऱ्या कुणाच्याही नाही, सरांच्यासुद्धा नाही. मग तुम्ही आत हात घालून बसलेले असताना जगातला कुणीही माणूस येऊन लाइट चालू करू शकत नाही. सरांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती आणि त्यांना काही लागलेलं कळत नसे. एकदा एका पोराने त्याबद्दल विचारलं. सर तार गुंडाळत होते, ते गुंडाळतच राहिले. ‘‘फ्यूज दुसराना खिसामा व्हतात,’’ एवढंच म्हणाले. त्यानंतर कुणी विचारलं नाही आणि खिशाचा नियम कुणी मोडलाही नाही.

मोडला नाही म्हणजे काय, एकदा तर त्यापायी आम्ही उकडून निघालो. तपासणीला एक साहेब आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाइल. त्यांनी मुलांनी केलेला बोर्ड उघडून बघायची इच्छा दाखवली. सरांनी मेन स्विचमधून तिन्ही फ्यूज उपसले आणि साहेबांच्या शर्टच्या खिशात टाकले. साहेब दचकले, पण मुख्याध्यापक समोर होते म्हणून हसले. त्यांनी बोर्ड पाहिला, चहा घेतला, जीपमध्ये बसले आणि गेले, फ्यूज खिशात घेऊन. आमच्या डोक्यावरचा पंखा थांबलेलाच. कपाटात नवे फ्यूज होते, मी स्वतः काढून दिले. सर म्हणाले, फ्यूज कुणाच्या तरी खिशात आहेत, म्हणजे कुणाचे तरी हात आत आहेत. दुसरे लावायचे नाहीत. साहेबांचे हात कशाच्या आत होते देव जाणे, पण सर दुसऱ्या दिवशी एसटीने नंदुरबारला गेले आणि ऑफिसातून ते फ्यूज घेऊन आले, तेव्हाच पंखा फिरला. साहेबांच्या अहवालात म्हणे ‘शिस्त उत्तम’ असा शेरा होता.

टेस्टर वापरायची त्यांची एक रीत होती. आधी जिथे लाइट आहे हे माहीत आहे तिथे टेस्टर लावून बघायचा, म्हणजे टेस्टर चालतो हे कळतं. मग हव्या त्या तारेला लावायचा. मग पुन्हा पहिल्या जागी, मधल्यामध्ये टेस्टरच गेला नाही ना म्हणून. तीनदा. ही रीत त्यांनी सगळ्या आयुष्याला लावून टाकली होती. वेळ विचारायची तर तिघांना विचारत. उद्या सुट्टी आहे असं मुख्याध्यापकांनी सांगितलं तर शिपायाला विचारत, मग पुन्हा मुख्याध्यापकांना विचारत, आणि तरी एकदा सुट्टीच्या दिवशी शाळेच्या पायरीवर डबा घेऊन बसलेलं त्यांना गावाने पाहिलं होतं. आणि ‘बहुतेक’ हा शब्द त्यांना मुळीच चालत नसे. कुणी म्हणालं ‘‘सर, बहुतेक लाइट गेली,’’ तर ते हातातलं काम खाली ठेवून विचारत, ‘‘बहुतेक कोठे ऱ्हास? कोनता तारमा?’’ आणि त्या पोराला उन्हातून ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपर्यंत चालत जाऊन बघून यायला लावत.

नारळाचंही तसंच. आमच्याकडे दुरुस्त झालेली मोटर विहिरीत सोडली आणि पाणी आलं की मालक लगेच नारळ फोडतो. सर फोडू देत नसत. ‘‘पहिला दिन तं कोनतीबी चालस,’’ म्हणत आणि मालकाच्या हातातला नारळ घेऊन आपल्या पिशवीत टाकत. दोन दिवस तो नारळ घेऊन फिरत. तिसऱ्या दिवशी स्वतः विहिरीवर जाऊन, पाइपवर तळवा ठेवून, मगच नारळ परत देत. लोक चिडवायचे, पण मोटर भरायला त्यांच्याकडेच यायचे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती सांगते.

मी नववीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. आप्पा कोरीटच्या बाजूला एका गुजर पाटलांकडे सालदार होते. वर्षभर शेत त्यांनीच बघायचं, आणि सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं. त्या दिवशी मालक ‘ये’ म्हणाला तर पुढचं साल, नाही म्हणाला तर दुसरं शेत शोधायचं. आप्पांना तिथे सात वर्षं झाली होती. केळीचं एकेक खोड त्यांना ओळखीचं होतं. पण त्या साली पाटलांचा भाचा शेतीत लक्ष घालणार अशी कुजबुज होती आणि घरात आप्पा गप्पगप्प असायचे.

नेमकी त्याच आठवड्यात विहिरीतली मोटर जळली. पाटील शाळेत सरांकडे आले.

‘‘सर, केळी निसवी ऱ्हायनी, आनि दुकानवाला आठ दिन सांगी ऱ्हायना. आठ दिनमा बाग बसी जाई.’’

सर म्हणाले, ‘‘मन्ही पोरं भरतीन. चार दिन.’’

पाटलांनी आमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे बोट केलं. ‘‘ही मन्हा सालदारनी आंडेर ना?’’

आंडेर म्हणजे मुलगी. सरांनी मान डोलावली. पाटील निघून गेले. संध्याकाळी आप्पा जेवताना माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘बेटा, मोटर चालनी नही तं पाटील माले काय म्हनी? आखाजी शे तोंडवर.’’ मी म्हटलं, ‘‘आप्पा, माले येस.’’ पंधरा वर्षांच्या पोरीला स्वतःबद्दल जेवढी खात्री असते तेवढी पुढे मला कधीच वाटली नाही.

ट्रॉलीतून मोटर आली, सोबत काळ्या केबलचं वेटोळं. केबलच्या तिन्ही तारांच्या टोकांना सुतळीचे तुकडे बांधलेले. कसला हा कचरा म्हणून मी ते सगळे कापून केरात टाकले आणि टोकं पुसून चकचकीत केली. सरांचा एक नियम होता, ‘‘मोटर जो खोलस त्याले पहिले इचार.’’ सोडवताना काय पाहिलं, कुठली तार कुठे होती, हे ज्याने सोडवली त्यालाच माहीत असतं. पाटलांची मोटर आप्पांनी सोडवली होती. सरांनी विचारलं, ‘‘इचारं का?’’ मी हो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. जाताना तिसऱ्यांदा विचारलं आणि मी तिसऱ्यांदाही हो म्हटलं. मी विचारलं नव्हतं. आप्पांना मोटरमधलं काय कळतं, असं मला वाटलं होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

जुनी वायंडिंग काढण्याआधी मी तिचं चित्र काढलं. वेढे मोजले, तार भरली, बोटं सोलून निघाली. बाकीच्या दोघा पोरांपेक्षा माझे हात लहान, म्हणून आतलं काम माझ्याकडे. चौथ्या दिवशी सरांनी तीनदा तपासून ‘‘चालस’’ म्हटलं. पण विहिरीतली मोटर पाण्याबाहेर चालवायची नसते, त्यामुळे खरी परीक्षा विहिरीवरच होणार होती.

आखाजीला दोन दिवस राहिले होते. त्या आठवड्यात शेतातली लाइट दिवसाची होती. आप्पांनी आणि पोरांनी दोराने मोटर विहिरीत सोडली. मी विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीजवळ बसले, फ्यूज माझ्या खाकी खिशात. पेटीतल्या तीन जागांनाही सुतळ्या लोंबत होत्या. त्या बाजूला सारून तारा जशा हाताला आल्या तशा जोडल्या, फ्यूज बसवले आणि हिरवं बटण दाबलं.

मोटर घुमली. पाटलांनी नारळ हातात घेतला. पाइपातून पाणी आलं, करंगळीएवढं. आम्ही बघत राहिलो, धार वाढेना. पुढच्या केळीचं पान न् पान उन्हाने लोंबत होतं आणि ते पाणी दांडाच्या पाटापर्यंतसुद्धा पोचत नव्हतं.

‘‘परत जळी का आते?’’ पाटील ओरडले. ‘‘पोरेसना खेळ शे का हाऊ?’’

आप्पा विहिरीत वाकून बघत राहिले. त्यांच्या हातात दोर तसाच होता. मी घाबरून म्हणाले, ‘‘सर, बहुतेक वायंडिंग...’’

‘‘बहुतेक?’’ सर म्हणाले. त्यांनी मोटर बंद करवली आणि फ्यूज माझ्या खिशात परत ठेवायला लावले. मग आप्पांकडे वळून शांतपणे विचारलं, ‘‘भाऊ, मोटर तुम्ही खोली ना? पोरनी तुमले इचारेल व्हतं का, कोनती तार कोठे व्हती?’’

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावरून त्यांना सगळं कळलं असावं. शेजारी पाटील उभे, आखाजी परवावर, आणि आप्पा म्हणाले, ‘‘इचारेल व्हतं, सर. मीच सांगाले भुलनू.’’

त्या एका वाक्याने आप्पांचं साल जाणार होतं आणि ते त्यांनी माझ्यासाठी बोलून टाकलं होतं. मी ओरडलेच, ‘‘नही सर! मी इचारंच नही. मी खोटं बोलनू!’’ गडबडीत पोरासारखं ‘बोलनू’ म्हणून गेले, पण कुणी हसलं नाही.

सर रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, ‘‘मंग आते इचार.’’

मी आप्पांसमोर जाऊन उभी राहिले. ‘‘आप्पा, तुम्ही काय खूण करेल व्हती?’’

आप्पा पेटीजवळ आले आणि सुतळ्यांवर बोट ठेवून सांगू लागले. पहिल्या जागी एक गाठ, मधल्या जागी दोन, शेवटच्या जागी तीन. केबलच्या तारांनाही तशाच गाठी मारल्या होत्या, म्हणजे एक गाठ एकाला, दोन दोनाला. मी त्या कापून टाकल्या होत्या हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तिन्ही तारा हातात घेऊन निरखल्या आणि एक पुढे केली. ‘‘ही उंदरानी खायेल शे, देख. हिले दोन गाठी व्हत्यात. आनि ही आखूड, हिले तीन.’’ मी नेमक्या त्याच दोन तारा उलटसुलट जोडल्या होत्या, म्हणून मोटर उलटी फिरत होती.

तारा बदलल्या, फ्यूज बसवले, बटण दाबलं. पाइप हिसडला आणि हातभर लांब धार दांडात पडली. पोरं ओरडली. मी तिथेच मातीत बसून रडले. पाटील नारळ घेऊन पुढे झाले, तर सरांनी तो त्यांच्या हातातून काढून पिशवीत टाकला.

पुढे मी आयटीआय केलं, आता वीज तंत्रज्ञ म्हणून नोकरी करते. खांबावर चढते, आणि युनिफॉर्मच्या पँटला सहा खिसे आहेत. आयटीआयच्या पहिल्याच महिन्यात कळलं की मोटर उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन तारा आपसात बदलल्या की ती सुलटी फिरते. कुठल्याही दोन. गाठी लागत नाहीत, खूण लागत नाही. सरांना हे त्या दिवशी ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तरी त्यांनी मला आप्पांपुढे नेऊन उभं केलं. वर्गात बसल्याबसल्या माझे डोळे भरून आले आणि हसूही आलं, शेजारणीने विचारलं काय झालं म्हणून.

सरांचा आमच्या शाळेतला करार संपला, आता ते नवापूरच्या बाजूला एका शाळेत आहेत. मागे भेटायला गेले तर तिथल्या मुख्याध्यापकांच्या पेनलाही तांब्याची कडी दिसली. सरांनी माझे सहा खिसे पाहिले आणि विचारलं, ‘‘फ्यूज कोनतामा ठेवस?’’ मी उजवा खिसा दाखवला. ‘‘चालस,’’ ते म्हणाले आणि चहा मागवला.

तर, मोटर विहिरीत सोडल्याचा तिसरा दिवस. आखाजीचा दिवस. शाळेला सुट्टी होती, गावात पोरी झोके घेत होत्या, आणि सर रबरी चपला फटकावत बांधावरून येताना दिसले. पाटील आधीच विहिरीवर होते, आप्पाही होते. पुढच्या सालाबद्दल अजून कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. आप्पा उगाच दांडातली माती सारखी करत होते.

मोटर चालू होती. सरांनी पाइपवर तळवा ठेवला, काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. मग पिशवीतून नारळ काढला. पाटलांनी हात पुढे केला. सर त्यांच्या बाजूने पुढे गेले आणि नारळ आप्पांच्या हातात दिला.

‘‘तुम्ही फोडा, भाऊ. गाठी तुमन्या व्हत्यात.’’

मोटरचा नारळ मालकाने फोडायचा असतो, सालदाराने नाही. आप्पा नारळ धरून तसेच उभे राहिले आणि पाटलांकडे बघू लागले. मीही बघत होते. पाटलांनी पुढे केलेला हात मागे घेतला, आधी पाण्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

‘‘फोड ना,’’ ते म्हणाले. ‘‘मन्हाकडे काय देखी ऱ्हायना? पुढला सालले बी आठे तूच शे.’’

आप्पांनी विहिरीच्या काठावर नारळ इतक्या जोरात आपटला की अर्धी कवटी पाण्यात पडली. उरलेल्या अर्ध्याचे त्यांनी तुकडे केले, एक पाटलांना दिला, एक सरांना दिला आणि माझ्याकडे आले. सकाळी पेटी पुसून माझे हात ग्रीसने काळे झाले होते. फ्यूज पेटीत बसलेले होते, म्हणून माझा खिसा रिकामा होता. आप्पांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या खिशात टाकला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. त्यांनी खिशाच्या कडेची खाकी शिवण अंगठ्याने चाचपून पाहिली.

‘‘आनि मी,’’ ते म्हणाले, ‘‘वरीसभर मन्ही पँट शोधी ऱ्हायनू.’’